एक दात, एक रेझिस्टर आणि माझे बहात्तर हजार

पैसे गेल्याचं दुःख आहेच. पण जास्त राग याचा येतो की ज्या ट्यूनरने, म्हणजे इंजिनची ताकद वाढवून देणाऱ्याने, मला फसवलं, पुढचे पाच महिने मी त्याचंच कौतुक करत हिंडत होतो. दोन मित्रांना त्याचा नंबर दिला आणि त्यातल्या एकाने गाडी तिथे टाकलीसुद्धा. म्हणून हे लिहायला बसलो.

गाडी माझी २००८ ची स्विफ्ट, पेट्रोल, १२९८ सीसीचं जुनं इंजिन, ताकद कंपनीच्या कागदावर ८७ बीएचपी. टर्बो नाही. हवा इंजिन स्वतःच्या दमाने ओढतं, त्यामुळे अशा इंजिनातून ताकद काढायची तर हवा आत यायची आणि धूर बाहेर जायची वाट मोकळी करावी लागते, कॅम (व्हॉल्व्ह उघडणारा-मिटणारा दांडा) बदलावी लागते, कॉम्प्रेशन (सिलेंडरमधला दाब) वाढवावं लागतं आणि या सगळ्याला जुळेल असं पेट्रोल आणि स्पार्कचं गणित ईसीयूत, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरमध्ये, बसवावं लागतं. एवढं मला तेव्हाही माहीत होतं. थोडं माहीत असलेला माणूस फसवायला सगळ्यात सोपा असतो, हे मात्र माहीत नव्हतं.

ट्यूनरचं आणि त्याच्या गावाचं नाव लिहीत नाही. शेड स्वच्छ, भिंतीवर टायर, टेबलावर लॅपटॉप, बोलणं मिठ्ठास. 'दादा, तुम्हाला कळतं म्हणून सांगतो' हे त्याचं पालुपद. कॅम ग्राइंड करून, म्हणजे घासून नवा आकार देऊन, चोवीस हजार, ४-२-१ हेडर (धुराचे मोकळे पाइप) आणि कोन फिल्टर (हवेचा मोकळा फिल्टर) मिळून वीस, 'कस्टम मॅप', म्हणजे ईसीयूतलं नवं गणित, चोवीस. अडुसष्ट हजार, रोख. शनिवारी सकाळी गाडी दिली, रविवारी संध्याकाळी परत मिळाली. सोबत डायनोचा, म्हणजे रोलरवर गाडी पळवून ताकद मोजणाऱ्या यंत्राचा, रंगीत कागद: १२१ बीएचपी. गाडी सिग्नलला थरथरत उभी राहायची, रॅलीच्या गाडीसारखी. मी खूश.

आम्ही निफाडचे. महाराष्ट्रात कडाका पडला की कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातला पारा पेपरात छापून येतो, ते निफाड. डिसेंबरात द्राक्षबागेत पहाटे शेकोट्या पेटवाव्या लागतात. अशाच एका पहाटे, पारा पाच-सहावर असताना, मी चावी फिरवली. इंजिन लागलं, दोन आचके दिले, बंद. पुन्हा लागलं, पुन्हा बंद. सात-आठ वेळा हेच. अण्णा शेकोटीपाशी उभे होते. म्हणाले, "आपला ट्रॅक्टर लावून ओढायची का तुझी रॅली?"

ट्यूनरला फोन केला. त्याचं उत्तर मला आजही पाठ आहे. "दादा, रॅली कॅम आहे. थंडीत नाटकं करणारच." हे उत्तर बेमालूम होतं, कारण ते अर्धं खरं आहे. जास्त ड्युरेशनची, म्हणजे व्हॉल्व्ह जास्त वेळ उघडे ठेवणारी, कॅम घातली की इनटेक आणि एक्झॉस्टचे व्हॉल्व्ह थोडा वेळ एकत्र उघडे राहतात. आरपीएम (इंजिनचे मिनिटाचे फेरे) कमी असताना जळालेला धूर उलटा आत शिरतो, हवा ओढणारा व्हॅक्यूम पडतो, आयडल (ॲक्सिलरेटर न दाबता इंजिनचं चालणं) लंगडतं. इंजिन थंड असेल तर अजूनच, कारण थंड धातूवर पेट्रोलची नीट वाफ होत नाही. बराचसा भाग भिंतींना चिकटतो आणि ठिणगीच्या वाट्याला येतं ते पातळ मिश्रण. म्हणून ईसीयू थंडीत जादा पेट्रोल सोडतो, आयडल वर धरतो आणि पाणी तापेल तसा हात आखडता घेतो. कॅम बदलली तर हे थंडीचं सगळं कोष्टक नव्याने लिहावं लागतं.

आणि इथेच माझ्या डोक्यात घंटा वाजायला हवी होती. फुल थ्रॉटलचं, म्हणजे ॲक्सिलरेटर पूर्ण दाबलेला असतानाचं, ट्यूनिंग एका दुपारी होतं. गाडी गरम करा, रोलरवर चढवा, ओढा, मिश्रण बघा, बदला, पुन्हा ओढा. थंड इंजिन मात्र दिवसातून एकदाच मिळतं. पहाटे एकदा स्टार्टर मारला, मिनिटभर चालवली, की त्या दिवसाची संधी संपली. चूक दिसली तर दुरुस्ती करून पुढचा प्रयोग दुसऱ्या दिवशी पहाटे. माझी गाडी त्याच्याकडे एक रात्र होती.

मी तक्रार घेऊन गेलो तर त्याने 'कोल्ड मॅप अपडेट' करून दिलं. चार हजार. लॅपटॉप जोडला, मला चहा प्यायला पाठवलं, वीस मिनिटांत काम फत्ते. आणि फरक पडलाही! सकाळी एक-दोनदा अडखळायची, पण एकदा लागली की बंद पडत नव्हती. आयडल दिवसभर पंधराशेच्या आसपास राहायचं, त्याला मी 'स्पोर्टी' म्हणायचो. ॲव्हरेज चौदावरून नऊवर आलं, तेही ताकदीची किंमत म्हणून गिळलं. सायलेन्सरच्या तोंडाशी काजळी धरली होती. माणसाला पटवून घ्यायचं असलं की काजळीसुद्धा शोभा वाटते.

चैत्रात आईला घेऊन सप्तशृंगी गडावर निघालो. नांदुरी सोडून घाट चढत होतो. डॅशबोर्डवर पाण्याचा काटा अर्ध्याच्या खाली, म्हणजे सगळं ठीक. दोन वळणांनंतर बॉनेटमधून वाफ. गाडी बाजूला घेतली तर रेडिएटर खदखदतोय आणि पंखा मात्र निवांत, बंद. आई पायी चढायला तयार झाली होती. तिला दुसऱ्या गाडीत बसवून दिलं आणि मी टो करून नाशिकला.

तिथे भद्रकालीत एक चाचा आहेत, जुन्या मारुतींचे डॉक्टर. त्यांनी आधी पंख्याला सरळ बॅटरीचा करंट दिला. पंखा फिरला. मग स्कॅनर जोडला आणि इंजिन तापवलं. वरच्या होजला हात लागत नव्हता आणि स्कॅनर सांगत होता, कूलंट ४३ अंश. चाचा काही बोलले नाहीत. सेन्सरच्या वायरवरून बोट फिरवत गेले, एका जागी काळ्या टेपची गाठ लागली, ती ब्लेडने सोलली. आत रेझिस्टर, करंटला अडवणारा चिमुकला तुकडा. सहाशेऐंशी ओहमचा, दुकानात दोन रुपयांना मिळतो तो.

तेच ते 'कोल्ड मॅप अपडेट'. पाण्याचा सेन्सर तापतो तसा त्याचा रेझिस्टन्स कमी होतो. ऐंशी अंशांना तो सुमारे तीनशे ओहम असतो. त्यात सहाशेऐंशी मिळवले की ईसीयूला वाटतं, पाणी अजून चाळिशीतच आहे. पहाटे सेन्सर स्वतःच चार-पाच हजार ओहमवर असतो, तिथे या सहाशेऐंशींनी जेमतेम तीन-चार अंशांचा फरक पडतो. म्हणजे ज्या थंडीसाठी पैसे दिले तिथे किरकोळ उपयोग, आणि गरम झाल्यावर मोठी थाप. ईसीयू बिचारा जादा पेट्रोल ओतत राहिला, आयडल चढवून बसला आणि पंखा लावायची वेळ झाली असं त्याला कधी वाटलंच नाही. काटाही त्याच आकड्यावर चालतो, म्हणून तोही खोटं बोलला.

मी म्हटलं, निदान कॅम तरी आहे. चाचांनी हेडचं, म्हणजे इंजिनच्या वरच्या भागाचं, कव्हर काढलं, डायल गेज लावून लिफ्ट (कॅम व्हॉल्व्हला किती उचलते ते) मोजली आणि शेजारी पडलेल्या भंगार हेडमधल्या कंपनीच्या कॅमची मोजली. काट्यात फरक नाही. ग्राइंड केलेल्या कॅमवर दिसतात तशा घासकामाच्या ताज्या खुणाही नाहीत. "भाऊ, ये तो कंपनी की है." मग कॅमचं फिरणं इंजिनशी जुळवून ठेवणाऱ्या टायमिंग बेल्टचं कव्हर उघडलं. बेल्ट एक दात चुकवून बसवलेला. एवढ्यावरच आयडल लंगडतं, पहाटे गाडी लागत नाही, आवाज रॅलीसारखा येतो. चोवीस हजारांची कॅम म्हणजे तो एक दात. चाचांनी दात जागेवर बसवला, रेझिस्टर कापून वायर जोडली. तेव्हापासून गाडी एका चावीत लागते.

डायनोचा कागद त्या रात्री पहिल्यांदा नीट वाचला. तो तर शाळकरी गुणाकारात उघडा पडतो. टॉर्क (फिरवण्याचा जोर) न्यूटन-मीटरमध्ये घ्या, त्याच ठिकाणच्या आरपीएमने गुणा, ९५४९ ने भागा, किलोवॅट येतात, त्यांना १.३४ ने गुणलं की बीएचपी. कागदावर ६५०० आरपीएमला १२१ बीएचपी छापले होते आणि त्याच रेघेवर टॉर्क १०९ न्यूटन-मीटर. हिशेब साडेनव्व्याण्णवच्या वर जात नाही. डायनो चुकीचा असू शकतो, पण स्वतःच्याच दोन आकड्यांशी भांडू शकत नाही. कुणीतरी एक वक्ररेषा हाताने उचलली होती. तसंही नुसत्या हेडर-फिल्टरने अशा इंजिनात पाच-सहा बीएचपी मिळाले तरी नारळ फोडावा.

तक्रार का नाही केली, असं सगळे विचारतात. पक्कं बिल नव्हतं, हे एक. दुसरं म्हणजे मोटार वाहन कायद्याचं कलम ५२. आरसीवर नोंदलेल्या तपशिलाबाहेर गाडीत फेरफार करायला मनाई आहे, मग कुठल्या तोंडाने सांगायचं की माझा फेरफार नीट झाला नाही? या धंद्यातल्या लबाडाला हे पक्कं ठाऊक असतं. गिऱ्हाईक आपणहून गप्प बसतं. फोन केला तेव्हा तो शांतपणे म्हणाला, "दादा, गाडी बाहेर उघडली ना? मग आता जबाबदारी आमची नाही." ज्या मित्राला मी पाठवलं होतं त्याची गाडी चाचांकडे नेली. त्याच वायरवर, जवळपास त्याच जागी, तशीच काळी टेप. त्याचे पैसे मी हप्त्याहप्त्याने फेडतोय, तो नको म्हणत असतानाही.

खाज गेलेली नाही, हे कबूल करतो. मे महिन्यात आणखी एकाकडे गेलो. शेड साधी, लॅपटॉपला टेप लावलेली. त्याला म्हटलं, कॅम आणि स्वतंत्र ईसीयू बसवायचा आहे, खर्च किती? त्याने आकडा सांगितला नाही. गाव विचारलं. निफाड म्हटल्यावर हसला आणि विचारलं, "गाडी दहा-बारा रात्री माझ्याकडे ठेवाल?"

ठेवीन म्हटलं.

"मग आत्ता उन्हाळ्यात कशाला आणलीत? डिसेंबरात या."