जुनं कॅप्चर कार्ड: आधी दिलेला एक स्टार मागे घेतोय

दोन महिन्यांपूर्वी याच कार्डाला (व्हीसीआरमधलं चित्र पीसीत रेकॉर्ड करून घ्यायचं कार्ड) मी एक स्टार ठोकला होता आणि खाली लिहिलं होतं "पैसे पाण्यात". तो रिव्ह्यू आज बदलतोय. कार्ड तेच, पीसी तोच, व्हीसीआर पण तोच, बदललंय ते एवढंच की मधल्या काळात सोलापूरच्या नवी पेठेतल्या एका गल्लीतल्या दुकानात जाऊन बसलो आणि कळलं की कार्डाची चूक जवळपास काहीच नव्हती.

विषय असा की ताईच्या लग्नाची कॅसेट, १९९५ ची, आणि गड्ड्याच्या, म्हणजे संक्रांतीच्या सिद्धेश्वर यात्रेच्या, दोन कॅसेट, ज्यात होम मैदानाकडे निघालेले नंदीध्वज आणि आमचे आजोबा फेट्यात दिसतात, असं सगळं कपाटात पडून होतं, आणि दाजी दर संक्रांतीला आले की विचारणार "काय, झालं का सीडीचं?" (सीडीचा जमाना जाऊन किती वर्षं झाली हे दाजींना कोण सांगणार). आधी ऑनलाइन एक यूएसबीचं काळं डबडं मागवलं. लॅपटॉपला लावलं तर चित्र यायचं, आवाज कधी एकाच बाजूला, कधी गायब, आणि अर्ध्या तासाने डबडं आपोआप डिस्कनेक्ट. या डबड्यांचं असं असतं की बाहेरून सगळी जुळी भावंडं आणि आत चिप वेगवेगळी, त्यामुळे एकाचा ड्रायव्हर दुसऱ्याला चालत नाही. परत केलं.

मग माळ्यावरचा जुना पीसी खाली काढला. पेंटियम ४, एक जीबी रॅम, ८० जीबीची हार्डडिस्क, विंडोज एक्सपी. याला कार्ड खोचायचे पांढरे पीसीआय स्लॉट आहेत, जे आता नवीन बोर्डवर मिळतच नाहीत म्हटलं तरी चालेल. आणि सेकंडहँड कार्ड घेतलं ४०० रुपयांना, ना सीडी ना कागद, नुसतं कार्ड वर्तमानपत्रात गुंडाळून आलं.

पहिल्या दिवशी लावलं, पीसीला पत्ताच नाही. नवीन हार्डवेअर सापडलं वगैरे काही मेसेज नाही. त्याच रात्री एक स्टार दिला. घाई म्हणतात ती ही.

दुकानाचं नाव लिहीत नाहीये कारण अण्णांनीच सांगितलंय, "नाव टाकू नका मालक, लोक मोबाईलला ग्लास बसवायला येत्यात." अण्णा म्हणजे साठीचे, पूर्वी कॅसेटचं आणि टीव्ही दुरुस्तीचं काम करायचे, मग कॉम्प्युटर असेंबल करायला लागले. टेबलावर मल्टिमीटर, ब्रश, शेंगा चटणीच्या रिकाम्या बरणीत स्क्रू. मी कॅबिनेट घेऊन गेलो तर पहिला प्रश्न, "चिपवरचं नाव वाचलाव का?" मी म्हटलं कार्डाच्या कंपनीचं नाव तर... "कंपनीचं सोडा हो, चिपचं." ते मी वाचलंच नव्हतं. मधल्या मोठ्या काळ्या चिपवर बारीक अक्षरात बीटी८७८ असं होतं. म्हणे ही ब्रुकट्री कंपनीची चिप, एके काळी अर्ध्या बाजारातल्या टीव्ही ट्यूनर कार्डात हीच असायची, वरचं लेबल कुणाचंही असो. म्हणजे ड्रायव्हर शोधायचा तो चिपचा, लेबलचा नाही. एवढं एक वाक्य कुणी मला आधी सांगितलं असतं तर एक रविवार वाचला असता.

पण पीसीला कार्ड दिसतच नव्हतं त्याचं काय? ते त्यांनी पाच मिनिटांत केलं. मेन स्विच बंद, कार्ड बाहेर, खालच्या सोनेरी पट्ट्यांवर शाळेतलं साधं पांढरं खोडरबर फिरवलं, ब्रशने स्लॉट झाडला (आमच्या जुळे सोलापुरातली धूळ, घरात रोज झाडलं तरी रोज तेवढीच), आणि कार्ड ग्राफिक्स कार्डाला चिकटून असलेल्या पहिल्या स्लॉटऐवजी तिसऱ्यात बसवलं. कारण पहिला स्लॉट बऱ्याच बोर्डवर ग्राफिक्स कार्डाबरोबर एकच आयआरक्यू, म्हणजे प्रोसेसरला हाक मारायची लाइन, वापरतो आणि मग दोघांची भांडणं. चालू केलं तर डिव्हाइस मॅनेजरमधे दोन पिवळी प्रश्नचिन्हं! आयुष्यात पहिल्यांदा पिवळं प्रश्नचिन्ह बघून आनंद झाला. दोन का, तर या चिपचा व्हिडिओचा भाग वेगळा दिसतो आणि आवाजाचा वेगळा. डिटेल्समधे जाऊन आयडी बघितला, वेंडर १०९ई, डिव्हाइस ०३६ई. बीटी८७८ च, शंका नको. मग बीटीविनकॅप नावाचा फुकटचा ओपन सोर्स ड्रायव्हर टाकला, प्रश्नचिन्हं गेली.

इथून पुढचं घरी एकट्याने केलं आणि अडकत अडकत केलं. व्हर्च्युअलडब हा रेकॉर्डिंगचा प्रोग्रॅम उघडलं तर काळी स्क्रीन. कारण सोर्स ट्यूनरवर होता, तो काँपोझिटवर, म्हणजे पिवळ्या वायरवर, आणला. चित्र आलं, पण ब्लॅक अँड व्हाइट आणि वरून खाली फिरणारं. आई मागून म्हणते, "आमचं लग्न असलं काळंपांढरं होतं, ताईचं रंगीत होतं की." तर सेटिंग एनटीएससीवर होतं, म्हणजे अमेरिकेच्या टीव्हीच्या पद्धतीवर. आपल्याकडे पाल, ७२० बाय ५७६, सेकंदाला २५ फ्रेम. पाल बी निवडलं आणि ताईचा शालू हिरवागार झाला. (तुमचं चित्र फिरत नसेल, स्थिर असेल, आणि तरी ब्लॅक अँड व्हाइट असेल तर केबल बघा, पिवळी वायर कन्व्हर्टर लावून एस-व्हिडिओच्या भोकात घातली की असंच होतं.)

आवाज. या कार्डातून व्हीसीआरचा आवाज आत घेता येतो का याच्या मागे मी लागलोच नाही, सरळ व्हीसीआरची लाल-पांढरी वायर साउंड कार्डाच्या निळ्या भोकात, म्हणजे लाइन-इनमधे. गुलाबीत घालू नका, ते माइकचं, आवाज फाटतो. आणि रेकॉर्डिंगच्या मिक्सरमधे जाऊन लाइन-इनला टिक करायला लागते, नाहीतर कॅसेटमधली सनई राहते बाजूला आणि तुमच्याच पंख्याचा आवाज रेकॉर्ड होतो. माझ्याकडे असा पंख्याचा वीस मिनिटांचा उत्तम रेकॉर्ड आहे, कुणाला हवा असेल तर सांगा.

आता खरा त्रास. फ्रेम ड्रॉप, म्हणजे मधली चित्रं गळायची. मिनिटाला शेकड्याने. मंगलाष्टकात भटजींचा हात वर जातो आणि थेट अक्षता पडलेल्याच दिसतात. मी कार्डाला परत शिव्या घातल्या, पीसी कमजोर म्हटलं, रॅम वाढवायला निघालो आणि त्यासाठीच परत अण्णांकडे गेलो. दुसरा कुणी असता तर रॅम विकून मोकळा झाला असता. यांनी कागद घेतला आणि हिशोब मांडला: ७२० गुणिले ५७६, एका ठिपक्याला २ बाइट, सेकंदाला २५ वेळा, म्हणजे सेकंदाला २०.७ एमबी. "आता तुमची डिस्क किती घेते बघू." डिव्हाइस मॅनेजरमधे प्रायमरी आयडीई चॅनल उघडला तर ट्रान्स्फर मोडपुढे लिहिलेलं पीआयओ, म्हणजे डेटा हलवायची जुनी, मंद पद्धत. पीआयओची कागदावरची कमाल १६.६ एमबी, आणि त्यात सगळं काम प्रोसेसरच्या बोडक्यावर. बारा आण्याच्या पिशवीत रुपयाचा माल कसा बसणार!

आणि पीआयओ झालं कसं, तर एक्सपीची सवय अशी की डिस्कशी बोलताना सहा वेळा एरर आली की तो गपचूप एक पायरी खाली उतरतो, असं करत करत पार तळाला जातो, आणि सांगत काही नाही. एरर का येत होत्या तर पट्टा केबल. डिस्कला जुनी ४० वायरची केबल होती, ती पण मुडपलेली, मागे कुणीतरी सीडी ड्राइव्हची काढून इकडे लावलेली (कुणीतरी म्हणजे मीच, २०१० च्या आसपास). अण्णांनी ८० वायरची केबल लावली, चॅनल अनइन्स्टॉल करून पीसी रिस्टार्ट केला, वर अल्ट्रा डीएमए मोड ५, म्हणजे वेगवान पद्धत, आला. ड्रॉप शून्य. केबलचे ६० आणि बसण्याचे १०० घेतले. रॅम घेऊ दिली नाही.

घरी आलो, रेकॉर्डिंग लावलं, जेवायला बसलो, येऊन बघतो तर बंद. परत लावलं, परत बंद. घड्याळ लावून बघितलं तर दर वेळी साडेतीन मिनिटांच्या आसपास. यावेळी मात्र हिशोब मीच केला आणि त्याचा मला अजून अभिमान आहे, २०.७ एमबीने साडेतीन मिनिटं म्हणजे ४ जीबीच्या पुढे-मागे, म्हणजे डी ड्राइव्ह एफएटी३२ या जुन्या पद्धतीने फॉरमॅट केलेला आहे, त्यात ४ जीबीपेक्षा मोठी फाइल बसतच नाही. कन्व्हर्टची कमांड देऊन ड्राइव्ह एनटीएफएस केला, त्यात ही अडचण नाही, डेटा न पुसता झालं, तरी आधी कॉपी काढून ठेवा. अण्णांना फोन करून सांगितलं तर म्हणाले, "आता दुकान तुम्हीच चालवा."

असं कच्चं रेकॉर्ड केलं तर तासाला ७५ जीबी लागतात, माझी अख्खी डिस्क. म्हणून हफवाययूव्ही हा व्हिडिओ दाबून साठवणारा कोडेक टाकला, दर्जा न घालवता साइज निम्म्यावर येते, तासभर झाला की फाइल दुसरीकडे हलवायची आणि पुढचा तास. तीन तासांची कॅसेट अशी तीन हप्त्यांत. लांब रेकॉर्डिंगमधे आवाज हळूहळू चित्राच्या मागे पडतो, कारण कार्डाचं घड्याळ वेगळं आणि साउंड कार्डाचं वेगळं. व्हर्च्युअलडबच्या टायमिंगमधे आवाज चित्राला जुळवून घ्यायचा पर्याय आहे तो चालू ठेवा. हलणाऱ्या माणसाच्या कडेला कंगव्यासारख्या रेघा दिसतात ते इंटरलेस, म्हणजे एक फ्रेम एकाआड एक रेघांच्या दोन भागांत येते म्हणून, खराबी नाही. आणि चित्राच्या अगदी खाली फाटल्यासारखी जी पट्टी दिसते ती पण व्हीएचएसची जन्मखूण, टीव्हीवर ती कडेखाली लपायची. शेजारच्या काकांनी ती बघून "कार्ड गेलं तुमचं" म्हणून जाहीर केलं होतं.

एक सांगायचं राहिलं, यूपीएस लावा. तासाच्या अठ्ठावन्नाव्या मिनिटाला लाइट गेली आमची. आणि कॅबिनेटचं झाकण काढून ठेवा, सोलापूरच्या उन्हाळ्यात पत्र्याच्या त्या डब्यात काय होत असेल.

तर स्टार. कार्डाला चार. एक कापला कारण हे कुणालाही घेऊन दे म्हणण्यासारखं नाही, घरात जुना पीसी आणि अंगात सहनशक्ती दोन्ही पाहिजे. पण चित्र त्या यूएसबी डबड्यापेक्षा कितीतरी शांत, रंग न सांडणारं, आणि दोन कॅसेट सलग झाल्या तरी एकदाही कार्ड अडकलं नाही. दुकानाला पाच. गाडी लावायला जागा नाही, दुपारी एक ते चार बंद असतं आणि अण्णा फोन तिसऱ्या वेळी उचलतात, तरी पाच.

तिसरी, गड्ड्याचीच एक कॅसेट राहिलीय. तिच्या रिळावर पांढरी बुरशी आहे, तशी कॅसेट व्हीसीआरमधे घालू नका, हेडला लागते आणि मग पुढच्या चांगल्या कॅसेटलाही. अण्णांकडे दिलीय, हाताने फिरवत साफ करतो म्हणालेत, "घाई करू नका मालक, एवढी वर्षं थांबलीय ती." दाजींना अजून काही सांगितलेलं नाही.