दादरच्या रानभाज्या: जुडीचं बूड बघून घ्या

दादर स्टेशनच्या पश्चिमेला भाजीबाजाराच्या कडेने पावसाळ्यात रानभाज्या बसतात. ना पाटी, ना वजनकाटा. पालघर-वसईकडून, कर्जत-कसाऱ्याकडून पहाटेच्या लोकलने आलेल्या बायका फडकं पसरतात आणि माल वाट्यावर नाहीतर जुडीवर देतात. आठनंतर गेलात तर लोकांनी चिवडून सोडलेलंच मिळेल. सुटे पैसे आणि कापडी पिशवी न्या. प्लास्टिकमध्ये फोडशी तासाभरात घामेजते.

या बाजाराला चवीचे गुण पैकीच्या पैकी. घेताना मात्र एक गोष्ट बघायची: झाडाचा कुठला भाग जुडीत आलाय. पान किंवा फळ असेल तर झाड तिथेच राहिलंय. मुळासकट रोप असेल तर पुढच्या वर्षी त्या जागेवर काही उगवायचं नाही.

याची परीक्षा फोडशीत होते. गवतासारखी दिसणारी ही पानं, काही जणी कुलू म्हणतात. फोडशी म्हणून विकल्या जाणाऱ्या जातींपैकी एक म्हणजे सफेद मुसळी, शास्त्रीय नाव क्लोरोफायटम बोरिविलियानम. 1955 साली तिचं वर्णन झालं तेव्हा नाव ठेवलं ते आपल्या बोरिवलीवरून. औषधी कंदासाठी ही मुसळी रानातून इतकी खणली गेली, की आता ती मुद्दाम लावावी लागते. म्हणून जुडी उलटी करा. बुडाशी विळ्याचा सरळ छेद दिसला तर बिनधास्त घ्या. पांढरी जाड मुळं लोंबत असली, माती चिकटलेली असली, तर ती उपटलेली आहे. शेजारच्या टोपलीकडे वळा. ‘मावशी, कापलेली आहे का?’ एवढं विचारलं तरी पुरे, उत्तर सरळ मिळतं.

फोडशी निवडताना बुडाचा पांढरा भाग आणि मधला जून दांडा काढून टाका. पानांच्या बेचक्यात बारीक रेती असते, ती एका पाण्याने जात नाही. पानं सुटी करून तीन-चार पाण्यांतून काढा आणि मगच चिरा; चिरून धुतली तर रेती राहते आणि चव जाते. चौघांना दोन जुड्या लागतात, कारण ती आळते. दोन मोठे कांदे, अर्धा तास भिजवलेली दोन चमचे मूगडाळ, हिरवी मिरची. मीठ शेवटी. आधी घातलंत तर अंदाज चुकून भाजी खारट झालीच म्हणून समजा.

शेवळं याच्याही आधी येतात, मेअखेर ते जूनच्या मध्यापर्यंत. हा सुरणाच्या कुळातला फुलोरा, झाड पश्चिम घाटातलं. फुलोरा खुडला तरी कंद जमिनीत राहतो आणि मागून पान फुटून त्याला पोसतं. त्या वर्षीचं बी मात्र गेलं. म्हणून सगळेच फुलोरे खुडून चालत नाही. आणि जमीन सपाट करायला जेसीबी फिरला, तर कंदच जातो.

शेवळांबरोबर काकडं घेतलीच पाहिजेत. काकड झाडाची ही आंबट हिरवी फळं त्याच टोपलीत असतात. शेवळात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात, ते घशाला टोचतात, तीच खाज. हाताला तेल लावून बाहेरचं आवरण सोला, आतला पिवळा दाणेदार भाग टाकून द्या, उरलेलं बारीक चिरून तेलावर चांगलं मऊ होईपर्यंत परता. दोन जुड्यांना दहा-बारा काकडं: उकडून, बिया काढून, गर वाटून घाला. नसतील तर चिंचेचा दाट कोळ. सोडे, कोलंबी, खिमा त्यानंतर. आधी चिमूटभर चाखा. घसा चुरचुरला तर आंबट वाढवा आणि अजून शिजवा. बिघडतं ते नेहमी घाईने. बऱ्याच घरांत ‘शेवळं बाधतात’ म्हणतात, त्यातली निम्मी कच्ची राहिलेली असतात.

टाकळा आणि कुर्डू ही शेताच्या बांधावरची तणं. वाटेल तेवढी खुडा, त्यांना काही होत नाही. त्यांचा शत्रू तणनाशकाचा पंप. बांधावर फवारणी झाली की भाजी जाते, तिच्या फुलांवर येणारे किडेही जातात. टाकळा फूल यायच्या आधीचा, कोवळ्या शेंड्यांचाच घ्या; ऑगस्टमध्ये तो राठ आणि कडू होतो. भरपूर लसूण, वरून ओलं खोबरं. एक सावधगिरी: टाकळा रुळांच्या कडेला आणि नाल्याकाठीही माजतो. कुठून आणला हे सांगता येत नसेल तर सोडून द्या.

कंटोल्यांचं गणित वेगळं. नर वेल निराळा, मादी वेल निराळा, फुलं संध्याकाळी उमलतात. फळ न देणारा नर वेल ‘वांझ’ म्हणून उपटला, की मादी वेलही रिकामे. पूर्वी हे वेल निरगुडी-एरंडाच्या कुंपणावर चढायचे. तारेचं कुंपण आलं, कुंपणाकडेची झुडपं साफ झाली आणि वेलांची जागा गेली. बाजारात एकसारखी, मोठी कंटोली दिसली तर ती बहुधा लागवडीची. त्यात वाईट काही नाही, रानावरचा भार कमीच होतो. पण रानच्या भावाने घेऊ नका. रानातली लहान-मोठी, थोडी वेडीवाकडी असतात. पिवळी पडलेली टाळा, आतल्या बिया कडक झालेल्या असतात.

घरपोच देणाऱ्या ॲपवरही आता निवडलेल्या रानभाज्या मिळतात. सोय आहे, पण बूड छाटलेलं असतं, म्हणजे बघायचं तेच गायब. आणि काकडं नसतात! ऑगस्टमध्ये कृषी विभागाचे रानभाजी महोत्सव भरतात, तिथे आणणाऱ्या बाईशीच बोलता येतं. ओळख शिकायला ती जागा बरी.

भारंगीची कोवळी पानं घ्या, उकळून पाणी पिळून टाका, नाहीतर कडूझार. वास्ते, म्हणजे बांबूचे कोंब, कच्चे कधीच नकोत, त्यात सायनाइड तयार करणारं द्रव्य असतं. पातळ चकत्या करा, रात्रभर पाण्यात ठेवा, मग उकडून तेही पाणी ओता.

अळंबीला मात्र या बाजारात गुण देता येत नाहीत. वारुळावर येणारी अळंबी वाळवीच आपल्या बुरशीच्या मळ्यात वाढवते, माणसाला ती पिकवता येत नाही. वारूळ फुटलं की ती जागा संपली. शिवाय दिसायला सारख्या विषारी जाती आहेत, आणि शिजवून विष जाईलच असं नाही. वर्षानुवर्षं त्याच जागी बसणारी ओळखीची बाई असेल तरच घ्या, तेही न उमललेल्या कळ्या आणि एकाच जातीचा वाटा. मिसळलेला वाटा कितीही स्वस्त असो, उचलू नका.