आईचा फोन की मुलाचं स्वतःचं खातं?

आपल्याकडे बरीच मुलं एआय वापरतात ती आईबाबांच्या फोनवर, त्यांच्याच खात्यातून. सोय मोठी आहे. पोळ्या लाटता लाटता मूल काय विचारतंय ते कानावर पडतं. पण यंत्राच्या लेखी बोलणारा माणूस चाळिशीचा! मग किशोरवयीनांसाठीची, नको ती उत्तरं अडवणारी गाळणी लागत नाही. शिवाय तुमच्या ऑफिसच्या नि दुखण्याखुपण्याच्या जुन्या चॅट मुलापुढे उघड्या.

दुसरा मार्ग म्हणजे खरं वय घालून वेगळं खातं. चॅटजीपीटीला किमान १३ वर्षं लागतात. सप्टेंबर २०२५ पासून मुलाच्या खात्याला पालकाचं खातं जोडता येतं. मग ठरावीक तास वापर बंद ठेवता येतो, चित्रं बनवणं थांबवता येतं. मुलानं जोडणी तोडली तर पालकाला कळतं. संभाषणं मात्र वाचायला मिळत नाहीत. (मला तेच बरं वाटतं, चौदाव्या वर्षी आपली डायरी कुणी वाचलेली आपल्याला चालली असती का?)

माझा कौल: तेरापर्यंत आपला फोन, शेजारी बसून, टायपिंग आपण करायचं. नंतर जोडलेलं खातं. गणित मात्र दोन्हीकडे आधी वहीत सोडवायचं, मग एआयला विचारायचं.