नेपाळ की भूतान : पर्यटन खात्याच्या माणसाला काय विचाराल?

लडाख झालं, सिक्कीम झालं, आता पुढे काय, असं गटातली मंडळी विचारू लागली की छोट्या सहल आयोजकापुढे दोन नावं येतात : नेपाळ आणि भूतान. मुंबईतल्या पर्यटन प्रदर्शनांत दोन्ही देशांची सरकारी मंडळी भेटू शकतात. ही संधी माहितीपत्रकं गोळा करण्यात घालवू नका. हॉटेल, गाडी, जेवण हे सगळं एजंट सांगेल. देशाचं धोरण कुठे चाललंय आणि त्याचा आपल्या गटाला काय फायदा-तोटा, हे सरकारी माणसालाच विचारायला हवं.

मात्र ‘तुमचं धोरण काय?’ असं विचाराल तर हाती काही लागणार नाही. भूतानचा अधिकारी ‘संख्या कमी, मोल जास्त’ हे सूत्र सांगेल, नेपाळचा अधिकारी वर्षाला किती लाख पर्यटक आले ते सांगेल. दोन्ही खरं असतं, पण त्यावरून निर्णय होत नाही. प्रश्न पैशापासून सुरू करा.

भूतानमध्ये भारतीय प्रौढाला दर रात्री 1,200 रुपये शाश्वत विकास शुल्क भरावं लागतं. 6 ते 12 वयाच्या मुलांना निम्मं, त्याहून लहानांना माफ. आई-वडील, आजी आणि दहा वर्षांची मुलगी असं कुटुंब सहा रात्री राहिलं तर नुसतं शुल्कच 25,200 रुपये होतं. हॉटेल, गाडी, मार्गदर्शक वेगळे. नेपाळमध्ये भारतीयांना असं रोजचं शुल्क नाही. अन्नपूर्णा संरक्षित क्षेत्रात शिरताना सार्क देशांच्या नागरिकांना 1,000 नेपाळी रुपये, म्हणजे आपले साधारण 625 रुपये, एकदाच द्यावे लागतात. मुक्तिनाथला जीपने जाणाराही त्यातच आला. (दोन्हीकडचे दर बदलू शकतात, म्हणून कोटेशन देण्याआधी ताजा आकडा पाहाच.)

नुसत्या बेरजेने नेपाळ जिंकतो. म्हणून पुढचा प्रश्न असा विचारा : हा पैसा कुठे जातो? भूतानमध्ये शुल्क सरकारी तिजोरीत जातं. तिथे नागरिकांना दवाखाना आणि शाळा मोफत आहे, आणि देशाचा किमान 60 टक्के भूभाग कायम जंगलाखाली राहील असं संविधानातच लिहिलंय. हा खर्च उचलायला पाहुण्याने हातभार लावावा, हे मला न्याय्य वाटतं. नेपाळात पैसा वेगळ्या वाटेने फिरतो. पायवाटेवरच्या भट्टीत, म्हणजे घरगुती खानावळीत, तुम्ही डाळ-भात खाता, तिथेच रात्री झोपता आणि सकाळी पैसे थेट त्या घरच्या बाईच्या हातात देता. मधे कोणी नाही. गावापर्यंत पैसा पोचवण्याचा याहून सरळ मार्ग मला माहीत नाही.

पण हा मार्ग आता अरुंद होत चाललाय. पोखरा-जोमसोम रस्ता झाल्यापासून आपले मुक्तिनाथचे यात्रेकरू जीपमध्ये बसतात आणि ज्या गावांतून पूर्वी चालत, मुक्काम करत जावं लागायचं तिथून धुरळा उडवत निघून जातात. रस्ता गावकऱ्यांनाही हवाच होता, आजारी माणूस खाली आणायला दुसरं काय आहे? मात्र ज्यांचं गिऱ्हाईक गेलं त्यांच्यासाठी कोणती योजना आखली, हे नेपाळच्या अधिकाऱ्याला जरूर विचारा. ‘नव्या पायवाटा काढतोय’ असं उत्तर आलं तर कुठल्या, आणि तिथे मुक्कामाला घरं आहेत का, हे लगेच विचारा.

त्यालाच आणखी एक प्रश्न : रस्त्याने येणाऱ्या भारतीयांना तुम्ही मोजता का? नेपाळने 2019 मध्ये सुमारे 11.97 लाख आणि 2024 मध्ये सुमारे 11.47 लाख परदेशी पर्यटक नोंदवले. कुशीनगर एक्स्प्रेसने गोरखपूर गाठून सुनौलीवरून पलीकडे जाणारी आपली माणसं या आकड्यांत धरलेली नसतात. ज्यांची नोंदच नाही त्यांच्यासाठी स्वच्छतागृहं, पार्किंग, डॉक्टर यांचं नियोजन कोण आणि कशाच्या आधारावर करणार? गटात ज्येष्ठ नागरिक असतील तर या उत्तराशी तुमचा थेट संबंध आहे, कारण मुक्तिनाथ 3,700 मीटरच्याही वर आहे.

आणि विमानांचा प्रश्न टाळू नका. तो विचारताना संकोच वाटतो, समोरचा माणूस आदराने बोलत असतो, तरीही विचारा. युरोपीय संघाने डिसेंबर 2013 मध्ये नेपाळच्या विमान कंपन्यांना आपल्या हद्दीत बंदी घातली. 15 जानेवारी 2023 ला पोखऱ्याला उतरताना विमान कोसळलं आणि 72 जण गेले. नेपाळमध्ये विमानतळ चालवणं आणि विमानसुरक्षेवर देखरेख ठेवणं ही दोन्ही कामं एकाच प्राधिकरणाकडे राहिली आहेत, आणि ती वेगळी करण्याचा कायदा वर्षानुवर्षं रखडला. ‘सुरक्षेला आमचं प्राधान्य आहे’ एवढ्यावर समाधान मानू नका. विधेयक आज कुठे आहे, हे विचारा. समाधानकारक उत्तर मिळेपर्यंत मी गटासाठी काठमांडू-पोखरा रस्त्याचाच कार्यक्रम ठेवेन, मग दिवसभर हाडं खिळखिळी झाली तरी चालेल.

भूतानच्या अधिकाऱ्याची उलटतपासणी वेगळ्या मुद्द्यावर व्हायला हवी : नियम किती दिवस टिकतात? सप्टेंबर 2022 मध्ये देश पुन्हा उघडला तेव्हा इतर परदेशी पर्यटकांचं शुल्क रात्रीला 200 डॉलर केलं, आणि वर्षभरातच ते 100 डॉलरवर आणलं. त्याआधी कितीतरी वर्षं भारतीयांना काहीच द्यावं लागत नव्हतं. 2019 मध्ये आलेल्या सुमारे 3.15 लाख पाहुण्यांपैकी तीन चतुर्थांशांहून अधिक भारत, बांगलादेश आणि मालदीवचे होते. 2023 मध्ये एकूण आकडा लाखाच्या आसपास राहिला. भारतीय गिऱ्हाइकावर भरवसा ठेवून फुंटशोलिंग किंवा पारोत कर्ज काढून हॉटेल बांधणाऱ्याचं काय झालं? त्याच्या हप्त्यांचा विचार धोरणात होता का? आता गेलेफूला नवं शहर आणि मोठा विमानतळ होतोय, तर ‘संख्या कमी’ हे सूत्र तिथे कसं बसणार?

अधिकारी तुम्हालाही प्रश्न विचारेल, तयारी ठेवा. ऑक्टोबर 2019 मध्ये मोटारसायकलवरून भूतानला गेलेला महाराष्ट्रातला एक पर्यटक दोचुला खिंडीतल्या चोर्तेनवर चढून उभा राहिला आणि त्याचा फोटो सगळीकडे फिरला. चोर्तेन म्हणजे त्यांचं पवित्र स्मारक. आपल्याकडच्या मोकाट गटांबद्दल तिथे नाराजी वाढली ती अशा प्रकारांतून, आणि ती नाराजी रास्त आहे. गटाला आधी समजावून सांगणं हे आयोजकाचं काम आहे.

दोन्हीकडे जाताना प्रौढांनी पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र जवळ ठेवावं, नुसत्या आधारवर विसंबू नये.

माझा कौल असा. गटात साठीच्या पुढची माणसं जास्त असतील, सहा-सात दिवसच हातात असतील आणि शुल्काची रक्कम सुरुवातीलाच सांगायची तुमची तयारी असेल, तर भूतान. तिथे गर्दी बेताची असते, मार्गदर्शक प्रशिक्षित असतो. आपली गाडी मात्र सीमेवरच सोडा आणि पुढे भूतानी टॅक्सी घ्या, कारण भारतीय गाडीला आत न्यायचं तर रोजचं शुल्क वेगळं बसतं. चालणारी तरुण मंडळी असतील, बजेट तुटपुंजं असेल, तर नेपाळ, पण जीपची धावपळ न करता एखाद्या गावात दोन रात्री राहण्याच्या बोलीवर. मुक्तिनाथचीच यात्रा करायची असेल तर पर्यायाचा प्रश्नच नाही. मग कार्यक्रमात एक दिवस जास्तीचा धरा आणि जोमसोमला मुक्काम करून उंचीची सवय झाल्यावरच ज्येष्ठांना वर न्या.