पस्तीस इंची म्हणून विकलेला चौतीस इंची बेस

कारागिराकडे दिलेली मागणी लेखी होती. पाच तारांचा बेस गिटार, ३५ इंच स्केल (म्हणजे तारेची वाजणारी लांबी), मेपल आणि अक्रोडाच्या पाच पट्ट्या जोडून केलेला नेक (गिटारची मान), त्यावर बोटं टेकवायची शिसवी पट्टी म्हणजे फिंगरबोर्ड, बॅटरीवर चालणारं ॲक्टिव्ह सर्किट. ठरलेली रक्कम ७८ हजार, निम्मी आगाऊ. बिल नको, तेवढाच कर वाचेल, हेही त्याच बोलण्यात ठरलं आणि खरं तर तिथेच पाय घसरला. चार महिन्यांचा वायदा अकरा महिन्यांवर गेला. बेस आला तो दिसायला झकास. पॉलिश असं की तोंड पाहून घ्यावं.

पहिल्या दिवशी एवढंच जाणवलं, की लो बी, म्हणजे सगळ्यांत जाड, खालच्या सुराची तार, ढिली वाजते. नोट उमटते, पण तिला पाठ नसते. कारागिराचं उत्तर तयार होतं : "सेटअप (तारांची उंची, नेकचा बाक जुळवणं) करून घ्या, लाकूड बसायला वेळ लागतो." सेटअपचे पैसे गेले, बी होती तशीच. मग पट्टी लावली.

स्केल मोजताना बॉडीवर तारा जिथे टेकतात त्या ब्रिजपर्यंत मोजू नका. त्यावरचे तारांचे टेकू, म्हणजे सॅडल, पुढे-मागे सरकवलेले असतात, आकडा चुकतो. नटच्या (नेकच्या वरच्या टोकाला तारा टेकतात ती खाचांची पट्टी) फिंगरबोर्डकडच्या कडेपासून बाराव्या फ्रेटच्या (फिंगरबोर्डवरची धातूची आडवी पट्टी) मध्यापर्यंत मोजा आणि दुप्पट करा. ३५ इंचाला ४४४.५ मिलिमीटर यायला हवेत. इथे आले ४३२, म्हणजे सरळ ३४ इंच. एका इंचाने काय होतं, असं वाटेल. तीच तार त्याच सुरात लावली तर ताण लांबीच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतो, म्हणजे इथे साडेपाच टक्क्यांच्या आसपास कमी. वरच्या सुरांच्या तारांना ते खपून जातं, ३१ हर्ट्झच्या बीला नाही.

स्केल खोटं निघाल्यावर नेक उघडणं आलंच. आधी तारा पूर्ण ढिल्या करायच्या, मग मागचे चार स्क्रू हाताच्या पेचकसाने काढायचे. ड्रिल लावलं तर लाकडातले आटे जातात. पाच पट्ट्यांचा नेक असेल तर बुडाच्या कापावर पाचही थर आरपार दिसतात, सँडविच कापल्यासारखे. इथे कापावर एकच सलग मेपल. पाठीवरच्या त्या देखण्या अक्रोडी रेघा जेमतेम एक मिलिमीटर खोल होत्या. खाच पाडून आत व्हिनियर, म्हणजे लाकडाचा पातळ पापुद्रा, दाबलं होतं. शेजारी पॉलिशपेपरने घासलेला निळा शिक्का, त्याचे दोन आकडे अजून वाचता येत होते. नेक कारखान्यातला तयार, आणि 'कस्टम' म्हणजे त्यावर काढलेल्या रेघा.

हा दिखाव्यापुरता मामला नाही. पट्ट्यांचे रेषे उलटसुलट लावून चिकटवले की दमट हवेत त्या एकमेकींना धरून ठेवतात. एकसंध, आडव्या कापाचं लाकूड जुलैत पिळू शकतं. मग बॉडीच्या टोकाकडून डोळा लावून पाहिलं तर जाड बी तारेची बाजू एकीकडे आणि सगळ्यांत बारीक जी तारेची दुसरीकडे कललेली दिसते. ट्रस रॉड, म्हणजे नेकच्या आतली लोखंडी सळई, नेकचा बाक काढतो, पीळ काढत नाही. कितीही किल्ली फिरवा.

सर्किटातही हात मारला होता. ॲक्टिव्ह बेसला स्टिरिओ जॅक लागतो, केबल काढली की ९ व्होल्टच्या बॅटरीची जोडणी त्यानेच तुटते. इथे साधा मोनो जॅक होता आणि बॅटरी कायम चालू. दर दोन-तीन आठवड्यांनी आवाज फाटायचा. दुरुस्ती स्वस्तातली, पण कळेपर्यंत सहा बॅटऱ्या गेल्या.

अकरा महिन्यांत फोटो ढीगभर आले होते. सगळे बॉडीचे : रंग, पॉलिश, पुन्हा पॉलिश. फिंगरबोर्ड चिकटवण्याआधीचा, ट्रस रॉडची खाच उघडी असलेला नेक एकाही फोटोत नाही. लबाडी पकडायची जागा तीच. त्या टप्प्याचा व्हिडिओ मागा, शेजारी पट्टी आणि त्या दिवसाची तारीख लिहिलेला कागद ठेवायला सांगा. पैसेही त्यालाच बांधा : आगाऊ एक चतुर्थांश, नेकच्या व्हिडिओनंतर तेवढेच, फ्रेट बसवून बाराव्या फ्रेटचं माप दाखवल्यावर आणखी तेवढेच, उरलेले हातात घेऊन वाजवल्यावर. चांगला कारागीर याला नाही म्हणत नाही. 'विश्वास नाही का?' असं विचारणाऱ्याकडे सोपवू नका.

बिल नसलं तरी यूपीआयच्या नोंदी आणि मागणीचे मेसेज जपून ठेवा. ग्राहक हेल्पलाइन १९१५. जिल्हा ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत तक्रार करावी लागते, पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही, आणि ती स्वतः राहता त्या जिल्ह्यात करता येते.

निकाल लागेपर्यंत वाजवायचं असेल, तर १३०ऐवजी १३५ची (इंचाच्या हजाराव्या भागात तारेची जाडी) बी लावा. जाडीमुळे ताण सात-आठ टक्क्यांनी वाढतो, गेलेला भरून निघतो. नटची खाच मात्र गोल कानशीने किंचित रुंद करून घ्या. खोल नको, रुंदच. खोल झाली तर तार मोकळी वाजवताना पहिल्या फ्रेटवर खडखडते.