फुटबॉलचे फोटो दाखवायचे कुणाला? तालमीच्या पोरांना, फोटोग्राफरांच्या ग्रुपला, की मुरलेल्या प्रेस फोटोग्राफरला

कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमवर सीझन सुरू झाला की टचलाइनबाहेर हौशी कॅमेरेही वाढतात. पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, शिवाजी तरुण, पेठेतल्या तालमी-मंडळांच्या या संघांची मॅच कुठलीही असो, रात्रीपर्यंत ढीगभर फोटो मोबाईलवर फिरतात आणि सगळ्यांना शेरा एकच: 'लय भारी भावा!' एवढ्यानं ज्याचं पोट भरत नाही, त्यानं खरं मत मागायला जायचं कुणाकडं?

समजा, कॉर्नरवरच्या हेडरचा फोटो आहे. दोघं हवेत, चेहरे ताणलेले. बॉल वरच्या कडेला अर्धा कापलेला, पाय घोट्यात तोडलेले, मागं जाहिरातीचा भडक फलक.

तालमीच्या पोरांना फलक दिसणारच नाही. फोटोत आपला गडी वरचढ असेल तर भारी, समोरचा असेल तर 'हा टाकू नको'. पेठेचा अभिमान आहे तो, त्याला फोटोचं परीक्षण म्हणता येत नाही. पण फोटोतल्याच डिफेंडरला बाजूला घेऊन विचारा. तो सांगेल, बॉल डोक्याला लागून गेल्यावर तू बटण दाबलंस. उडी मारायच्या आधी मी त्याला खांद्यानं रेटलं, खरी मजा तिथं होती. हे सांगणारा दुसरा कुणी भेटणार नाही. टायमिंग शिकायचं तर खेळाडूकडून.

ग्रुपचं बलस्थान कॅमेरा. 1/500 शटर स्पीडवर पाय हललेत, 1/1000 च्या खाली येऊ नको, ऊन उतरलं की आयएसओ (कॅमेऱ्याची उजेड टिपायची संवेदनशीलता) चढव, फोटोत दाणे आले तरी चालतील, इतकं नेमकं तिथं मिळतं. अडचण अशी की चार लोकांत कुणी वाईटपणा घेत नाही. मी तुझ्या फोटोला अंगठा दिला, तू माझ्या फोटोला दे, हा व्यवहार चालतो. नाहीतर गाडी लेन्सवर घसरते, '70-200 घे' म्हणून, म्हणजे लांबचं जवळ आणणारी झूम लेन्स. लाखभराच्या वर खर्च सुचवायला कुणाचं काय जातं!

प्रेस फोटोग्राफर कमी बोलतो आणि लागेल असं बोलतो. निवडलेले दहा फोटो त्याला नको असतात, अख्खं कार्ड हवं असतं. ते भराभर सरकवताना तो तुमच्या सवयी वाचतो: हा पूर्वार्धभर एकाच जागी उभा होता, गोल झाल्यावर स्क्रीन बघत बसला म्हणून जल्लोष हुकला. हेडरच्या फोटोवर म्हणेल, 'बॉल कुठाय? आणि खाली बस की.' खाली बसलं की उडी उंच दिसते आणि चेहरे फलकाच्या वर येतात. एका वाक्यात दोन दोष गेले. मात्र त्याची नजर पेपरच्या रकान्यानं घडलेली असते: चेहरा, बॉल, झुंज, संपलं. भरलेली गॅलरी आणि मैदानावरची धूळ दाखवणारी मोठी फ्रेम तो सहज उडवेल. तिथं त्याचं ऐकून आपलंच करावं.

माझं मत विचाराल तर पहिल्या सीझनला, महिन्यातून एकदा का होईना, याच माणसाकडं जा. टायमिंगची शंका खेळाडूला विचारा, सेटिंगची ग्रुपवर.

पुढं कुणी नवखा तुम्हालाच फोटो दाखवेल. 'फोटोत जान नाही' असं म्हटल्यावर त्या पोरानं करायचं काय? 'घोट्यात कापू नको. बूट पूर्ण घे, नाहीतर सरळ कमरेवर काप' हे पुढच्या मॅचला करून बघता येतं. दोष खासगीत सांगावा, शाबासकी ग्रुपवर.

आणि मत मागताना 'कसा आलाय?' विचारू नका, 'भारी'च ऐकायला मिळेल. पाच फोटो पुढ्यात ठेवा आणि म्हणा, 'दादा, यातले दोन उडवायचेत, कुठले उडवू?' भिडस्त माणूससुद्धा बोट ठेवतो.