यूझर-सेंटर्ड सिस्टिम डिझाइनचं मास्टर्स, स्वीडन: दहा महिन्यांच्या अभ्यासानंतर

पतसंस्थांसाठी सॉफ्टवेअर बनवणाऱ्या पुण्यातल्या एका छोट्या कंपनीत मी पाच वर्षं प्रोग्रॅमर होते. गेल्या ऑगस्टमध्ये स्वीडनमधल्या एका विद्यापीठात दोन वर्षांच्या मास्टर्ससाठी आले. विषय: माहिती प्रणालींचं विश्लेषण आणि डिझाइन, वापरणाऱ्या माणसापासून सुरुवात करून. पहिलं वर्ष जूनमध्ये संपलं. प्रवेश घेण्याआधी असा अनुभव मराठीत खूप शोधला होता, सापडला नाही. म्हणून सविस्तर लिहिते आहे.

रचना थोडक्यात सांगते. वर्षाला ६० क्रेडिट, साधारण ४० आठवडे. एक विषय बहुधा साडेसात क्रेडिटचा आणि आमच्याकडे दोन विषय एका वेळी, दहा-दहा आठवडे चालतात. वर्गातले तास फार कमी, काही आठवड्यांत जेमतेम सहा. बाकी वाचन, गटात काम, चर्चासत्रं आणि अहवाल. लेखी परीक्षा वर्षभरात दोनच झाल्या. युरोपबाहेरच्या विद्यार्थ्यांना २०११ पासून फी भरावी लागते आणि ती आपल्या हिशेबाने मोठी आहे, त्यामुळे शिष्यवृत्तीचा प्रयत्न नक्की करा. अर्जाची मुदत जानेवारीच्या मध्याला संपते. तयारी दिवाळीनंतर लगेच सुरू करावी लागते.

आता मुख्य गोष्ट. या अभ्यासक्रमातला जो भाग पुस्तकातून मिळाला नसता, तो म्हणजे दुसऱ्याच्या कामाच्या जागी जाऊन शेजारी बसणं. पद्धतीला मोठं नाव आहे, पण गाभा साधा. समोरचा माणूस उस्ताद, आपण शिकाऊ. तो काम करत असताना बघायचं, मध्येच विचारायचं, आणि आपल्याला जे समजलं ते त्याच्याकडूनच तपासून घ्यायचं. कार्यालयात बोलावून ‘तुम्हाला सिस्टिममध्ये काय हवंय?’ असं विचारायचं नाही. मी पाच वर्षं तेवढंच केलं होतं.

आमच्या चौघांच्या गटाला वृद्धांच्या घरगुती देखभालीचं वेळापत्रक हा विषय मिळाला. स्वीडनमध्ये ही जबाबदारी नगरपालिकेची असते. कर्मचारी घरोघरी जाऊन औषधं देतात, जेवण गरम करतात, आंघोळीला मदत करतात. आम्ही कुणाच्या घरी गेलो नाही, तशी परवानगी मागणंच योग्य नव्हतं. वेळापत्रक लावणाऱ्या बाईंच्या शेजारी आम्ही तीन दिवस सकाळी साडेसहापासून बसलो. गटातली स्वीडिश मैत्रीण हळू आवाजात भाषांतर करून सांगायची.

पडद्यावर प्रत्येक भेट म्हणजे एक रंगीत चौकोन, मिनिटांत मोजलेला. सकाळी कुणी आजारी असल्याचा फोन आला की त्या माणसाचे सगळे चौकोन दुसऱ्यांत वाटायचे. आम्ही जाण्याआधीच ठरवून टाकलं होतं की हे वाटप आपोआप होईल असं काहीतरी करायचं. पहिल्याच सकाळी त्यांच्या कीबोर्डशेजारी एक शाळेची वही दिसली. त्यात लिहिलेलं होतं की अमक्या आजींना दारापर्यंत यायलाच चार मिनिटं लागतात, तमक्या आजोबांना नवा चेहरा दिसला की ते औषध घेत नाहीत, एका इमारतीच्या पायऱ्यांवर बर्फ साचतो म्हणून तिथे घाईने कुणाला पाठवायचं नाही. पंधरा मिनिटांच्या चौकोनात यातलं काहीही नव्हतं.

आम्ही उत्साहाने ती वहीच सिस्टिममध्ये आणायचा आराखडा केला. सिस्टिमचे पडदे कागदावर काढून घेऊन गेलो. बाईंनी शांतपणे बघितलं आणि नको म्हणाल्या. सिस्टिममध्ये लिहिलं की ती कायमची नोंद होते, सगळे सहकारी वाचतात आणि ती व्यक्ती स्वतःही मागवून वाचू शकते. ‘हे आजोबा चिडके आहेत’ हे त्यांना वहीत लिहिता येतं, कारण ती वही त्यांची आहे. शेवटी आमच्या आराखड्यात पायऱ्या आणि दार उघडायला लागणारा वेळ एवढंच आलं. माणसांच्या स्वभावाबद्दलचं सगळं वहीतच राहिलं. गुणांच्या दृष्टीने तो प्रकल्प फार चमकदार नव्हता. माझ्यासाठी वर्षातला सर्वांत मोलाचा धडा तोच.

दुसरा समृद्ध भाग इतिहासाचा, आणि तो मला अपेक्षितच नव्हता. ‘यूझर-सेंटर्ड’ हा शब्द रूढ झाला तो अमेरिकेत डोनाल्ड नॉर्मन आणि स्टीफन ड्रेपर यांनी १९८६ मध्ये संपादित केलेल्या पुस्तकामुळे. इकडे नॉर्डिक देशांत मात्र सुरुवात कामगार संघटनांपासून झाली. सिम्युला या प्रोग्रॅमिंग भाषेचे एक जनक क्रिस्टेन न्यूगॉर यांनी १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला नॉर्वेच्या लोखंड आणि धातू कामगारांच्या संघटनेबरोबर काम केलं. कारखान्यात संगणक येणारच असेल, तर त्याबद्दल बोलण्याइतकं ज्ञान कामगारांकडे हवं, हा त्यामागचा विचार. स्वीडनने १९७६ मध्ये कायदाच केला की कामात महत्त्वाचा बदल करण्याआधी मालकाने संघटनेशी बोललं पाहिजे. मग १९८१ ते १९८५ या काळात ‘युटोपिया’ प्रकल्प झाला. वर्तमानपत्राची पानं लावणारे कामगार आणि संशोधक एकत्र बसले, आणि जी यंत्रं अजून बनलीच नव्हती त्यांच्या पुठ्ठ्याच्या आणि लाकडाच्या प्रतिकृती करून त्यांच्यावर काम करून बघितलं. आज कुठल्याही वर्गात कागदी प्रोटोटाइप, म्हणजे कागदावरचे कच्चे नमुने, शिकवतात, पण तो पुठ्ठा कुणाच्या हातात होता हे क्वचितच सांगतात. इथे सांगितलं, याबद्दल मी शिक्षकांची ऋणी आहे.

हे वाचताना मला सारखी आमची पुण्यातली मीटिंगची खोली आठवत होती. पतसंस्थेचे चेअरमन यायचे, मॅनेजर यायचे. दुकानोदुकानी फिरून रोजची बचत गोळा करणारा पिग्मी एजंट कधीच आला नव्हता, आणि आम्ही बनवत होतो ते ॲप त्याच्यासाठी होतं.

साधनांचं प्रशिक्षण चांगलं आहे, पण त्यासाठी कुणी एवढे पैसे खर्च करू नयेत. पर्सोना (नमुन्यादाखल रंगवलेला वापरकर्ता), कार्यविश्लेषण, सोपेपणा तपासायचे नील्सनचे दहा निकष, वापरकर्त्याला धरून डिझाइन करण्याचं आयएसओ ९२४१-२१० हे मानक, हे सगळं घरी बसून शिकता येतं. सिस्टिम वापरायला किती सोपी वाटते हे मोजणारी एसयूएस नावाची दहा विधानांची प्रश्नावली जॉन ब्रूक यांनी १९८६ मध्ये तयार केली. विधानं आलटून-पालटून चांगली आणि वाईट, उत्तर १ ते ५ मध्ये आणि शेवटी १०० पैकी गुण. वर्गात ती विश्वासार्ह वाटली. पुढे काय झालं ते खाली येईल.

तक्रारीही आहेत. चार जणांचा गट दर विषयाला बदलतो आणि एखादा सदस्य गायब झाला तर दाद मागायची नीट सोय नाही. एका विषयात चाचणीसाठी ‘वापरकर्ते’ म्हणून वर्गमित्रच चालतील असं सांगितलं गेलं. या अभ्यासक्रमात तरी हे व्हायला नको होतं. स्वीडिश येत नसेल तर निरीक्षणातला निम्मा रस निघून जातो, त्यामुळे आल्या दिवसापासून भाषेचे वर्ग लावा. मी डिसेंबरपर्यंत थांबले, ती चूक झाली. आणि सगळ्या वाचनात एक माणूस, एक फोन, एक खातं हे गृहीत असतं. घरातला एकच फोन तिघं वापरतात आणि ओटीपी मुलाच्या नंबरवर येतो, हे मी तीन चर्चासत्रांत मांडलं. शिक्षकांनी मनापासून ऐकलं, पण वाचनाच्या यादीत त्यावर काही आलं नाही.

जूनमध्ये सुट्टीला घरी, बार्शीला गेले. आमच्या ओळखीचे एक काका पंचवीस वर्षं पिग्मी गोळा करतात. पूर्वी मी काम केलेलं ॲप त्यांच्याच फोनवर होतं. चार दिवस त्यांच्यामागे बाजारपेठेत फिरले. ॲपमधली यादी खाते क्रमांकाने लागते. तो क्रम मीच लावला होता, कारण डेटाबेसमध्ये तोच होता. काका प्रत्येक दुकानापुढे नाव शोधत होते, उन्हात पडदा दिसत नव्हता, मागे गिऱ्हाईक उभं. दोन दुकानांनंतर त्यांनी फोन खिशात टाकला आणि वही काढली. वहीत दुकानं रस्त्याच्या क्रमाने होती. आधी डावीकडची ओळ, मग परत येताना उजवीकडची. संध्याकाळी घरी बसून ते सगळे आकडे ॲपमध्ये भरायचे. रोज, तासभर.

“पोरी, खाते नंबरानं बाजारात कोण चालतंय गं?” ते म्हणाले. त्यांच्या बोलण्यात राग नव्हता. माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

मी एसयूएसची विधानं मराठीत करून नेली होती. काकांनी चांगल्या-वाईट सगळ्या विधानांना ‘बरोबर आहे’ म्हणत पाच-पाच दिले. हिशेब केला तर सगळीकडे पाच दिल्यावर बरोबर ५० गुण होतात. घरच्या मुलीने विचारलंय, तिला नाही कसं म्हणायचं, एवढंच त्या आकड्यात होतं. त्यानंतर प्रश्नावली बाजूला ठेवली आणि पुठ्ठ्याचे तुकडे फोनच्या आकाराचे कापले. त्यांनी स्वतः पेन्सिलीने काढलं: वर मोठं दुकानाचं नाव, खाली कालची रक्कम, आणि ‘पुढचं दुकान’ असं एकच बटण.

दुसऱ्या वर्षाच्या प्रबंधासाठी मी हाच विषय मागितला आणि तो मंजूर झाला आहे. ज्यांनी दोन-तीन वर्षं तरी सॉफ्टवेअरमध्ये, बँकेत, दवाखान्यात, कुठेही सिस्टिमबरोबर काम केलंय त्यांना हा अभ्यासक्रम मी मनापासून सुचवीन. पदवीनंतर थेट येणाऱ्यांनी आधी एखादी नोकरी करावी. माझ्या वर्गातल्या तशा मुलांना आठवायला स्वतःची अशी एकही यादी नव्हती.

पुठ्ठ्याच्या पडद्यात एक अडचण अजून सुटलेली नाही. आठवडी बाजाराच्या दिवशी काका उलट्या बाजूने सुरुवात करतात, कारण भाजीवाले दुपारी लवकर दुकान आवरून जातात. त्या दिवसाचा क्रम त्यांनी वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवला आहे. डिसेंबरमध्ये परत जाईन तेव्हा तिथून सुरू करायचं ठरलंय.